जाड अँगल कापणारा श्रेडर पातळ पत्र्यावर का अडतो?

भंगाराच्या शेडमधून ही तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. "मशीन अँगल कापतं, पट्टी कापतं, पण तेलाचे डबे नाहीतर कूलरचे पत्रे टाकले की चारपाच वेळा रिव्हर्स घेतं आणि ट्रिप होतं. मोटर बघून झाली, गिअरबॉक्स बघून झाला. साफ केलं की एकदोन दिवस चालतं, मग पुन्हा तेच." मालकाला वाटतं मोटर कमी पडतेय. इलेक्ट्रिशियनला वाटतं सेटिंग कमी आहे. आणि ऑपरेटर सांगत असतो की मागच्या वेळी ब्लेडला धार लावून आणली तेव्हापासून हे सुरू झालंय. तिघांपैकी ऑपरेटरचं आधी ऐका.

हे सगळं दोन शाफ्टच्या, हळू फिरणाऱ्या श्रेडरबद्दल आहे. त्यात शाफ्ट एकमेकांच्या दिशेने फिरतात, मिनिटाला साधारण १० ते ३० फेरे, आणि एका शाफ्टवरचं ब्लेड समोरच्या शाफ्टवरच्या दोन ब्लेडांच्या मधे, स्पेसरसमोर (ब्लेडांमधे अंतर ठेवणाऱ्या कड्यासमोर) येतं. शेकडो आरपीएमने फिरणारी हातोड्यांची हॅमर मिल हे वेगळं यंत्र आहे. तिथे माल कापला जात नाही, ठोकून फाडला जातो. तिचे आजार वेगळे.

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण नुकसान तिथेच होतं. पॅनलमध्ये करंटची एक मर्यादा भरलेली असते. करंट तिच्या वर गेला की शाफ्ट उलटे फिरून माल सोडतात आणि पुन्हा सुलटे होतात. थोड्या वेळात हे बऱ्याचदा झालं की मशीन थांबतं, म्हणजे ट्रिप होतं. ट्रिप वारंवार यायला लागला की हात आपोआप या मर्यादेकडे जातो, किंवा ओव्हरलोड रिलेच्या (करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाच्या) डायलकडे. ५० एचपीच्या, म्हणजे ३७ किलोवॅटच्या मोटरचा पूर्ण लोडचा करंट ४१५ व्होल्टवर ६५ अँपिअरच्या आसपास असतो. त्याच मोटरच्या रिलेचा डायल ८० वर नेलेली पॅनलं मी पाहिली आहेत. काही दिवस शांतता मिळते, हे खरं. पण आधी जिथे मशीन माघार घेत होतं तिथे आता ते रेटत राहतं, आणि तो सगळा जोर ब्लेडच्या दातावर, शाफ्टच्या षटकोनी भागावर आणि गिअरबॉक्सवर जातो. एखाद्या ब्लेडचा कोपरा उडाला तर तो कडक पोलादाचा तुकडा शेजारच्या ब्लेडमध्येच जातो. एका ब्लेडचा खर्च मग अख्ख्या संचाचा होतो. म्हणून दोष सापडेपर्यंत मर्यादा मूळ आकड्यावर ठेवा, आणि कुणी आधीच वाढवली असेल तर मशीनच्या पुस्तकातल्या आकड्यावर परत आणा.

पातळ माल सोपा नसतो

अँगल जाड, पत्रा पातळ, म्हणून पत्र्याला जोर कमी लागायला हवा, असं सगळेच धरून चालतात. धारेने कापायचं असेल तर ते बरोबर आहे. पण श्रेडरमध्ये कापणारी गोष्ट फक्त धार नाही. समोरासमोरून जाणाऱ्या दोन ब्लेडांच्या गालांमधली (सपाट बाजूंमधली) फटही तितकीच महत्त्वाची. स्क्रू ढिला झालेली कात्री पुठ्ठा कापते, पण पातळ कापड दुमडून पात्यांत धरून बसते. इथे नेमकं तेच होतं.

जाड्या लक्षात घ्या. २०० लिटरच्या बॅरलचा पत्रा साधारण १ मिमी. गाडीच्या बॉनेटचा, दरवाजाचा ०.७ ते ०.८ मिमी. तेलाचा चौकोनी डबा तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. पत्रा कातरायच्या मशीनवर फट ठेवताना पत्र्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के हा हिशोब धरतात. श्रेडरमध्ये इतकी बारीक फट ठेवणं शक्य नसतं, त्यामुळे पातळ माल तिथे नेहमीच थोडा कापला आणि थोडा फाडला जातो. म्हणजे मुळातच हाताशी सवड कमी असते. फट वाढत वाढत पत्र्याच्या जाडीजवळ आली की पत्रा तुटायच्या ऐवजी वाकतो आणि फटीत ओढला जातो. दुमडला की त्याची जाडी दुप्पट होते, आणि मग दोन ब्लेडांच्या मधे पाचर बसते. करंट चढत जातो आणि खाली काहीच पडत नाही. ५ मिमीचा अँगल त्या फटीत शिरूच शकत नाही, म्हणून तो मुकाट्याने तुटतो. मोटर कमी पडत असती तर आधी अँगलवर अडली असती.

मशीन उघडण्याआधी तुकडे बघा

हातमोजे घालून बेल्टखालचा एक फावडाभर माल जमिनीवर पसरा. उजेडात, शेडच्या दाराशी. नीट कापलेल्या तुकड्याच्या कडेला बोट लावलंत (हातमोज्यातून) तर ती कडा सरळ लागते, आणि जवळून पाहिलं तर तिच्यावर दोन पट्टे दिसतात: एक गुळगुळीत, चमकणारा, आणि त्याला लागून एक खरखरीत, मळकट. पहिला धारेने कातरलेला, दुसरा शेवटी तुटलेला. असे तुकडे पडत असतील तर फट ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा.

फट वाढलेली असेल तर लांब रिबिनी पडतात, लांबीभर कडा आत दुमडलेल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंचा रंग घासून गेलेला असतो, आणि घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेने जातात. कधी कडेला निळसर झाक असते, ती घर्षणाच्या उष्णतेची. अशी रिबीन हातात आली की फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचा संच) काढायला घ्या, बाकीचे तर्क नंतर.

तिसरा प्रकार म्हणजे चेंदामेंदा झालेले गोळे. त्यांवर दातांचे ठसे भरपूर, पण धड कापलेली कडा कुठेच नाही. हा माल चेंबरमध्ये पुन्हा पुन्हा फिरून आलेला असतो. एकतर दातांची टोकं गोल झाली आहेत, नाहीतर खाली तुंबलंय.

दोष कोणत्या टोकाला आहे हे न उघडता कळायला एक सोपी युक्ती आहे. निळी बॅरलं फक्त डाव्या टोकाला टाका आणि लाल फक्त उजव्या. टाकण्याआधी बॅरलांची झाकणं काढून घ्या आणि आत काही नाही याची खात्री करा. खाली रिबिनी कोणत्या रंगाच्या येतात ते बघा. एका रंगाच्या रिबिनी आणि दुसऱ्या रंगाचे स्वच्छ तुकडे आले तर निम्मं काम झालं.

या रिबिनींचा त्रास आपल्या शेडपुरता राहत नाही, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. आपला माल जालन्याच्या इंडक्शन फर्नेसला जातो, शिरोलीच्या फाउंड्रीला जातो. दुमडलेल्या पत्र्यात पाणी, तेल, माती अडकून राहते. पावसाळ्यात तर हमखास. ओला तुकडा वितळलेल्या धातूखाली गेला की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. भट्टीच्या तोंडाशी माल टाकायला माणूस उभा असतो.

करंट काय सांगतो

माल चालू असताना टंग टेस्टर (वायरभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) लावा, तिन्ही फेजवर, एकामागून एक. पॅनलवरच्या एका मीटरवर विसंबू नका.

करंट चढतोय पण माल खाली पडत नाही: फटीत पाचर बसलीय किंवा शाफ्टवर काहीतरी गुंडाळलं गेलंय. करंट कमी आहे आणि पत्रे ब्लेडांवर नुसते नाचतायत: दात पकडत नाहीत, टोकं गोल झाली आहेत किंवा माल फार मोठा आणि आडवा टाकलाय. मशीन रिकामं फिरतानाच करंट नेहमीपेक्षा जास्त: ब्लेड कुठेतरी घासतायत, बेअरिंग जातंय, किंवा स्पेसरभोवती तार आवळली गेलीय. तीनपैकी एका फेजचा आकडा बाकी दोघांपासून लांब: कॉन्टॅक्टरचे (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळलेत, कुठेतरी वायरच्या टोकाचा लग ढिला आहे किंवा पुरवठ्यातच गडबड आहे. सारखं रिव्हर्स-फॉरवर्ड करणाऱ्या मशीनचे कॉन्टॅक्टर लवकर जळतात, त्यामुळे यांत्रिक दोषातून विजेचा दोष जन्माला येतो आणि दोन्ही एकत्र दिसतात. आधी विजेचा दुरुस्त करा, नाहीतर पुढचं कोणतंच मोजमाप विश्वासाचं राहत नाही.

व्होल्टेजही मोजा, तेही मोटरच्या टर्मिनलवर आणि लोड असताना. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ४१५ च्या जागी ३७५ व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज दहा टक्क्यांच्या आतच घटलेलं असतं, पण जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने जातो. ट्रिप ठरावीक वेळीच येत असेल, शेजारचा मोठा कारखाना चालू झाल्यावर किंवा संध्याकाळी, तर संशय इथे घ्या. त्यासाठी पॅनलजवळ एक वही टांगून ठेवा: वेळ, काय टाकलं होतं, किती अँपिअर, कोणत्या टोकाला अडलं. ऑपरेटरला लिहायला दोन मिनिटं लागतात आणि आठवड्याभरात ती वही कुठल्याही इंजिनिअरपेक्षा जास्त सांगते.

आत हात घालण्याआधी

मेन स्विच बंद, कुलूप, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात. दुसऱ्या कुणाकडेही नाही. इमर्जन्सी बटण दाबून ठेवणं म्हणजे मशीन बंद करणं नव्हे. आणि वीज बंद असली तरी अडकलेल्या शाफ्टमध्ये पीळ साठलेला असतो. पाचर सुटली की शाफ्ट झटक्याने फिरू शकतो, म्हणून बोटं दातांच्या मधे घालायचीच नाहीत. आकडा, पहार, लांब चिमटा वापरा. अडकलेला माल गॅस कटरने कापायचा मोह टाळा. ज्योत ब्लेडला लागली की तिथला कडकपणा जातो किंवा बारीक तडा पडतो, आणि खाली साठलेलं तेल, रंग, फोम पेट घेतात.

आधी खालची बाजू बघा, कारण ती सगळ्यात स्वस्त आहे. डिस्चार्जखाली ढीग साचून ब्लेडांपर्यंत आला असेल, बेल्ट घसरत असेल, तर पडलेला तुकडा पुन्हा वर ओढला जातो. मग शाफ्ट बघा. गादीच्या स्प्रिंगा, पॅकिंगची पोलादी पट्टी, टायरमधली तार, लेथवरची लांब कुरळी बर ही सगळी स्पेसरभोवती गुंडाळली जाते आणि आवळत आवळत इतकी घट्ट होते की ब्लेडांना बाजूला ढकलते. टोकाच्या स्पेसरवर असेल तर ऑइल सीलही खाते, म्हणून टोकाशी तेल गळत असेल तर तिथे तार नक्की शोधा. हे गुंडाळणं वारंवार होत असेल तर भिंतीवरचे कंगवे तपासा. स्पेसरवरचा माल खरवडून काढणं हे त्यांचंच काम असतं, आणि ते वाकले किंवा झिजले की शाफ्ट स्वतःला साफ करू शकत नाही.

फट मोजणे

इथे वेळ द्या. ब्लेडाचा गाल आणि समोरच्या ब्लेडाचा गाल जिथे एकमेकांवरून जातात तिथे फीलर गेज घाला. प्रत्येक ब्लेडाची डावी बाजू, उजवी बाजू, वहीत दोन रकान्यांत. गाल आधी तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर चिकटलेला रंग मोजला जातो. नव्या मशीनवर ही फट बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांत असते. तुमच्या मशीनचा नेमका आकडा पुस्तकात मिळेल.

आता आकड्यांची मांडणी बघा, कारण नुसता मोठा आकडा पुरेसा नाही. सगळीकडे एका बाजूला जवळजवळ शून्य आणि दुसऱ्या बाजूला भरपूर असेल तर ब्लेड झिजलेले नाहीत, शाफ्ट सरकलाय. बेअरिंगचा प्ले आणि टोकाचा लॉकनट बघा. दोन्ही बाजूंना सारखीच वाढलेली असेल तर गाल झिजलेत किंवा ग्राइंड होऊन आलेत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फट हळूहळू बदलत जात असेल तर दोन शाफ्टवरच्या राशी (ब्लेड आणि स्पेसर यांची ओळीने बसवलेली थप्पी) एकमेकांशी जुळत नाहीत, बहुतेक वेळा जुने-नवे स्पेसर मिसळल्यामुळे. आणि एकाच शाफ्टवर, ब्लेड आणि त्याच्या शेजारचा स्पेसर यांच्या मधे सगळ्यात बारीक पान जरी शिरलं, तर रास ढिली आहे. तिथे पान शिरताच कामा नये. लॉकनट सुटलाय, किंवा बसवताना दोघांच्या मधे एखादी कणी राहिलीय. ढिली रास घट्ट केल्याशिवाय बाकीच्या मोजमापांवरून निर्णय घेऊ नका.

धार लावल्यावर बिघडतं ते का

ऑपरेटरचं म्हणणं इथे खरं ठरतं. समजा नवं ब्लेड ४० मिमी जाड आणि समोरचा स्पेसर ४०.४ मिमी. म्हणजे प्रत्येक बाजूला ०.२ मिमी फट. ब्लेड ग्राइंडिंगला दिले, प्रत्येक गालावरून ०.२ मिमी उडवले, ब्लेड ३९.६ मिमीचे झाले. धार सुरेख आली. पण स्पेसर तसेच राहिले. आता एकूण जागा ०.८ मिमी, प्रत्येक बाजूला ०.४. म्हणजे धार लावून आणली आणि फट दुप्पट झाली. पुढच्या वेळी पुन्हा तेवढंच ग्राइंड केलं तर ०.६, वर वापरातली झीज वेगळी. तिथे डब्याचा पत्रा दुमडून सहज शिरतो.

उपाय म्हणजे स्पेसरही तेवढेच, ०.४ मिमी, कमी करून घेणे. पण मग आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी राहून जाते. ब्लेड आणि स्पेसर मिळून प्रत्येक जोडीमागे ०.८ मिमी लांबी कमी झाली. १० जोड्या असतील तर रास ८ मिमीने आखूड. ती जागा टोकाला फिलर रिंगने भरावी लागते, नाहीतर लॉकनट पुरत नाही. शिवाय भिंतीवरचे कंगवे मूळ अंतरावर बसवलेले असतात. मधले जुळतील, टोकाकडचे ब्लेडाला घासतील. त्यांना सरकवायची सोय तुमच्या मशीनवर आहे का, हे ग्राइंडिंगला देण्याआधी बघा. नसेल तर गालाचं ग्राइंडिंग एकदाच्या वर परवडत नाही, त्यापेक्षा नवा संच घ्या.

फक्त बाहेरचा व्यास ग्राइंड केला तर फट वाढत नाही, पण दोन शाफ्टचे ब्लेड एकमेकांत जितके शिरतात ते कमी होतं. पातळ मालाला तेही जाचतं. आणि ब्लेड वेगवेगळ्या व्यासाचे झाले तर मोठ्या व्यासाचे सगळं काम करतात आणि तेच आधी तुटतात. म्हणून ग्राइंडिंग संचाने, एकाच मापावर.

माल टाकण्याची पद्धत

फट बरोबर असूनही ट्रिप येत असेल तर हॉपरवर उभं राहून बघा. ग्रॅबने अख्खा घास एकदम सोडला की सगळे दात एकाच वेळी भरतात. मोठा सपाट पत्रा आडवा पडला की तो दोन्ही शाफ्टवर पूल होऊन बसतो, त्याला दात पकडत नाहीत. प्रेसमध्ये दाबून आलेले गठ्ठे आधी सोडून घ्या. आत काय आहे ते दिसत नाही, आणि गॅसची टाकी, शॉकअब्सॉर्बर, बॅटरी अशाच गठ्ठ्यांतून येतात. बंद पोकळ वस्तू आणि बॅटऱ्या श्रेडरमध्ये जाताच कामा नयेत, तिथे प्रश्न ट्रिपचा राहत नाही. पातळ माल थोड्या जाड मालाबरोबर मिसळून टाकला तर मशीन जास्त सारखं चालतं. जाड तुकडे पत्र्याला दाताखाली दाबून धरतात. हे फट दुरुस्त केल्यानंतर करायचं, त्याऐवजी नाही.

रिव्हर्सच्या वेळेकडेही एकदा बघून घ्या. मोटर पूर्ण थांबण्याआधीच उलटी दिशा मिळत असेल तर करंटचा मोठा झटका बसतो, आणि तो झटकाच पुढचा ट्रिप घडवतो. मधला थांबा पुस्तकाप्रमाणे ठेवा.

नवे ब्लेड मागवताना

पुरवठादाराला जुन्या ब्लेडचं माप पाठवू नका, ते झिजलेलं असतं. मूळ ड्रॉइंगचं माप, आणि ब्लेड व स्पेसर दोन्ही एकाच वेळी, जाडीचा टॉलरन्स (चालेल तेवढा फरक) लिहून मागवा. आल्यावर मायक्रोमीटरने प्रत्येक नग मोजा, बसवल्यावर हे काम होत नाही. पोलाद निवडताना तुमच्याकडे जास्त काय येतं ते सांगा. डी२ कडक आहे, ५८ ते ६० एचआरसीपर्यंत (कडकपणाच्या रॉकवेल मापावर) जातं, धार जास्त टिकवतं, पण जाड तुकड्याच्या धक्क्याने त्याचा कोपरा उडू शकतो. एच१३ त्याच्यापेक्षा मऊ, पण चिवट. बहुतांश डबे-पत्रे असतील तर पहिलं, आणि अँगल, नट, गिअरचे तुकडे मिसळून येत असतील तर दुसरं. दोन्ही पोलादं एका शाफ्टवर मिसळू नका, झीज वेगवेगळी होते आणि फट पुन्हा वाकडीतिकडी होते.

बसवताना प्रत्येक गाल ऑइलस्टोनने पुसून घ्या, लॉकनट टॉर्क पान्याने घट्ट करा. पहिल्या शिफ्टनंतर मशीन बंद करून, कुलूप लावून तो पुन्हा तपासा. नवी रास पहिल्या काही तासांत थोडी बसते आणि नट हमखास किंचित ढिला मिळतो. त्याच वेळी सगळ्या फटी एकदा मोजून पॅनलच्या दाराच्या आत तारखेसह लिहून ठेवा.